मुक्कामाला कोण राहणार?
जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाची वाटचाल

पारनेरच्या वाचकांसाठी निघणाऱ्या स्मरणिकेत जामखेडच्या संस्थेचा इतिहास कशाला, असे काहींना वाटेल. जामखेड आपल्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बीड, धाराशिव आणि सोलापूरच्या हद्दींना टेकलेले. आपला ओढा पुण्या-मुंबईकडे, त्यांचा बार्शी-बीडकडे. तरीही हा इतिहास इथे येण्याला दोन कारणे आहेत. एक सरळ आहे: या संस्थेचे संस्थापक डॉ. रजनीकांत आरोळे यांचा जन्म १० जुलै १९३४ रोजी आपल्या तालुक्यातल्या सुप्याचा. आई-वडील दोघेही शिक्षक होते. त्यांचे बालपण पुढे राहुरीत गेले, त्यामुळे सुप्याचे नाव त्यांच्या चरित्रात एका ओळीपुरतेच येते. पण येते.

दुसरे कारण आपल्या रोजच्या बोलण्यातले आहे. आपल्याकडे कुठल्याही पारावर आरोग्याचा विषय निघाला की तो एकाच वाक्याशी येऊन थांबतो: डॉक्टर टिकत नाहीत, सिस्टर मुक्कामी राहत नाहीत. इमारत असते, औषधे बऱ्यापैकी असतात, रुग्णवाहिका दारात उभी असते. माणूस मात्र नगरहून किंवा शिरूरहून अप-डाऊन करतो आणि बाळंतिणीच्या कळा काही कार्यालयीन वेळ पाहून येत नाहीत. यावर सरकारने कागदी उपायही काढून पाहिला. कर्मचारी मुख्यालयी राहतो असा ग्रामसभेचा ठराव आणा, मग घरभाडे भत्ता घ्या. असले ठराव कसे होतात हे ग्रामसभेत बसणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

नेमक्या याच प्रश्नाशी जामखेडला १९७० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच गाठ पडली. त्यातून निघालेली वाट पुढे जगभर अभ्यासली गेली. ती समजून घ्यायची तर थोडे मागे जावे लागते.

रजनीकांत आरोळे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. तिथेच त्यांची भेट मेबल इम्मॅन्युएल यांच्याशी झाली. मेबल जबलपूरच्या, अभ्यासात वर्गाच्या पुढे असलेल्या. दोघे १९५९ मध्ये डॉक्टर झाले आणि १९६० मध्ये त्यांचा विवाह झाला. खेड्यातल्या गरिबांमध्ये काम करायचे हे दोघांनी लग्नाच्या वेळीच ठरवले होते. त्या वयात असे अनेक जण ठरवतात. यांनी ते पुढे पाळले, एवढाच फरक.

साठच्या दशकात ते नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करू लागले. रुग्णालय चांगले चालत होते, रांगा लागत होत्या. पण दोघांच्या लक्षात एक गोष्ट येऊ लागली. जुलाबाने सुकलेले मूल बरे करून घरी पाठवावे आणि तेच मूल काही आठवड्यांनी पुन्हा तसेच यावे. धनुर्वाताची नवजात बाळे, क्षय, कुपोषण, अडलेली बाळंतपणे. यातले बहुतेक आजार मुळात होऊच नयेत असे होते. दवाखान्यात बसून ते थांबणार नव्हते. त्यात, जे दवाखान्यापर्यंत पोहोचतच नव्हते त्यांचा हिशेब कुणाकडेच नव्हता.

पुढे फुलब्राइट शिष्यवृत्तीवर दोघे अमेरिकेला गेले. तिथे वैद्यक आणि शस्त्रक्रियेचे वरचे प्रशिक्षण घेतले आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. तिथे प्रा. कार्ल टेलर यांचे मार्गदर्शन त्यांना मिळाले. भारतात जन्मलेल्या आणि पंजाबच्या खेड्यांत काम केलेल्या टेलर यांच्याकडे पुढे गडचिरोलीचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंगही शिकले. महाराष्ट्राच्या ग्रामीण आरोग्याच्या दोन मोठ्या प्रयोगांचा धागा असा बाल्टिमोरच्या एकाच वर्गातून जातो. आरोळे दांपत्य १९७० मध्ये परत आले.

जागा निवडताना त्यांनी एक अट ठेवली होती. गावाने बोलावले पाहिजे. जामखेडच्या पुढाऱ्यांनी बोलावले. तिथला जनावरांचा जुना दवाखाना वापरायला मिळाला आणि त्या पडक्या वास्तूत ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह रूरल हेल्थ प्रोजेक्ट’ सुरू झाला. नाव भारदस्त असले तरी जागा तेवढीच होती. तालुका कायमचा दुष्काळी, नगरपासून सुमारे ७५ किलोमीटर दूर. सहा महिने ऊसतोडीला आणि कामाला बाहेर जाणारी कुटुंबे. अहिल्यादेवी होळकरांचे जन्मगाव चौंडी याच तालुक्यातले. जिल्ह्याला २०२४ मध्ये त्यांचे नाव मिळाले, पण १९७० मध्ये तिथल्या बाळंतिणीला मिळण्यासारखे फार काही नव्हते. प्रकल्पाच्या गावांत १९७१ च्या सुमारास जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत होती.

सुरुवातीची योजना कुणीही आखली असती तशीच होती. प्रशिक्षित नर्सबाई, म्हणजे तेव्हाच्या भाषेत एएनएम, गावोगाव नेमायच्या. वर डॉक्टर, खाली नर्स, मधे जीप. ही योजना फसली आणि कशी फसली हे सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण आपल्या उपकेंद्रांचा अर्धा इतिहास त्यात आहे.

नर्सबाई तरुण, बहुतेक अविवाहित, शहरगावातून शिकून आलेल्या. गावात एकटीने राहायचे म्हणजे रात्री दाराला कडी लावून जागे राहायचे. गावाच्या नजरेत एकटी राहणारी, पगार घेणारी, चापूनचोपून साडी नेसणारी बाई आधीच संशयाची. तिने सासूला सांगावे की सूनबाईला पोटभर खाऊ द्या, तर सासू म्हणणार, हिला काय कळतंय बाळंतपणातलं, हिचं अजून लग्न व्हायचंय. बोलीही वेगळी. तिचे ज्ञान खरे होते, पण ते ऐकायला समोर कुणी बसत नव्हते. शेवटी ती बदली मागणार किंवा नोकरी सोडणार. यात नर्सबाईंचा दोष काढण्यासारखे काही नाही. त्यांच्या जागी आपली लेक असती तर तिला आपणच म्हटले असते, ये निघून.

तेव्हा गावच्याच एका पुढाऱ्याने सुचवले की बाहेरची बाई आणण्यापेक्षा आमच्यातल्याच एखादीला शिकवा. आज हे वाक्य साधे वाटते. त्या काळी ते डॉक्टर मंडळींच्या पचनी पडणारे नव्हते, कारण ‘आमच्यातली’ म्हणजे अक्षरओळख नसलेली. आरोळेंचे मोठेपण सूचना सुचण्यात नाही, ती ऐकण्यात आहे. गावाने आपल्यातली बाई निवडायची, प्रकल्पाने तिला शिकवायचे, असे ठरले. निवडल्या गेलेल्या बहुतेक बायका तिशी-चाळिशीच्या, लेकुरवाळ्या, निरक्षर. बऱ्याच जणी दलित. काही विधवा, काही नवऱ्याने टाकलेल्या. ज्यांच्या हातचे पाणीही वरच्या आळीत चालत नव्हते, त्यांनी आता त्याच आळीतल्या बाळाचे वजन करायचे होते.

इथे माणसे टिकवण्याचा प्रश्न एका फटक्यात अर्धा सुटला. ही बाई गाव सोडून जाणार कुठे? तिचे घर, शेत, सासर, भांडणे, सारे इथेच. मुक्कामाला राहण्यासाठी तिला भत्ता द्यावा लागत नव्हता. रात्री दोनला कुणी हाक मारली तर ती उठून चार घरे ओलांडून जायची. उरलेला अर्धा प्रश्न मात्र अवघड होता. गावात राहणे वेगळे आणि कामात राहणे वेगळे. ही बाई काम करत का राहील?

जामखेडने याचे उत्तर पगारात शोधले नाही. तिला नोकर केले नाही. त्याऐवजी तिला दर आठवड्याला जामखेडला बोलावले. हा आठवड्याचा वर्ग काही महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर गुंडाळला गेला नाही. वर्षानुवर्षे, दशकानुदशके चालू राहिला. अक्षर येत नव्हते म्हणून चित्रे, गाणी, प्रतिकृती, एकमेकींना सांगितलेल्या गोष्टी यांतून शिकवले गेले. गरोदर बाईच्या पोटावर हात ठेवून बाळ आडवे आहे का हे ओळखणे, बाळंतपणाला स्वच्छ धागा आणि नवे पाते, जुलाबाला मीठ-साखरेचे पाणी, कुष्ठाचा बधिर चट्टा कसा शोधायचा, क्षयाचा खोकला कोणता. आणि प्रत्येक आठवड्याला पहिला प्रश्न: गेल्या आठवड्यात काय अडचण आली? कुणाच्या दारातून हाकलून दिले, कुणाचे मूल गेले, सरपंच काय बोलला. वर्गाचा निम्मा वेळ यात जात असे आणि तो वाया जात नव्हता.

सुरुवातीच्या दिवसांची एक आठवण जामखेडला सांगतात. वर्गासाठी आलेल्या बायका रात्री मुक्कामी असत, पण वेगवेगळ्या जातींच्या बायका एकमेकींपासून अंतर ठेवून झोपत. तेव्हा सगळ्यांना पुरेल अशी एकच भलीमोठी गोधडी शिवून घेतली गेली. थंडी असली की पांघरायची तर तीच. जातिभेदावर व्याख्यान देण्यापेक्षा ही युक्ती स्वस्त पडली असणार.

अशीच युक्ती पाण्याच्या बाबतीत झाली. १९७२ चा दुष्काळ आपल्या तालुक्यातल्या वडीलधाऱ्यांनीही भोगलेला आहे. सुकडी, खडीफोडीची कामे, टँकर. जामखेडला त्या काळात प्रकल्पाने मुलांसाठी स्वयंपाकघरे चालवली, कामाच्या बदल्यात धान्य दिले आणि गावोगाव कूपनलिका घेतल्या. पाणी कुठे लागेल हे दाखवणाऱ्याला डॉक्टरांनी आधीच गाठून ठेवले होते, असे सांगतात. त्याने दलित वस्तीतल्याच जागा दाखवायच्या. गावाला पाणी हवे तर तिथे जायला हवे. गेले. आरोग्याच्या संस्थेने विहिरीत आणि शेतात लक्ष का घालावे, अशी शंका तेव्हाही काढली गेली. पण गावातल्या माणसांनी आजारापेक्षा आधी पाणी आणि अन्न मागितले होते. तरुण शेतकऱ्यांची मंडळे, महिला मंडळे, झाडे लावणे, बंधारे हे सगळे त्यातूनच आले आणि आरोग्य कार्यकर्तीचा गावातला पाठिंबाही या मंडळांनीच उभा केला.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला फिरत्या पथकाची वाटते. दुसऱ्या कुणी इतिहास लिहिला तर कदाचित ती एका परिच्छेदात उरकेल. रचना तीन पायऱ्यांची होती: गावात कार्यकर्ती, मधे जीपमधून गावोगाव फिरणारे पथक आणि जामखेडला रुग्णालय. जीप गावात आली की डॉक्टर किंवा नर्सबाई सरळ पेशंट तपासायला बसत नसत. आधी कार्यकर्तीला विचारत, तुझे काय म्हणणे आहे? ती चार लोकांदेखत सांगे आणि डॉक्टर ऐकत. चूक असेल तर बाजूला घेऊन दुरुस्त करत, बरोबर असेल तर सर्वांसमोर मान डोलावत. गावाने हे पाहिले. परदेशात शिकून आलेला डॉक्टर हिला विचारून औषध देतो म्हणजे हिला काहीतरी कळत असणार. ही पत पैशाने विकत मिळणारी नव्हती. कामात टिकून राहण्याचे निम्मे कारण ही पत होती, असे त्या बायकांच्या बोलण्यातून पुन्हा पुन्हा येते. जिला घरात कुणी विचारत नव्हते, तिला सगळे गाव विचारू लागले होते. काही जणी पुढे सरपंचही झाल्या.

या पद्धतीला शिकल्यासवरलेल्यांकडून विरोध झाला नसता तरच नवल. अंगठाबहाद्दर बायकांच्या हाती बाळंतपण देता का, असे डॉक्टर म्हणाले. नर्सबाईंनाही आपले ज्ञान वाटून टाकणे सुरुवातीला जड गेले, कारण ज्ञान हीच त्यांची नोकरी होती. त्यांना हे पटवावे लागले की कार्यकर्तीने साधी कामे उचलली की तुम्हाला अवघड कामांसाठी वेळ मिळेल.

परिणाम आकड्यांत दिसला. १९७१ मधला हजारी १७६ चा बालमृत्युदर पाच वर्षांत निम्म्याच्याही खाली आला आणि १९९० च्या दशकात विशीच्या घरात पोहोचला. त्या काळी साऱ्या देशाचा आकडा सत्तरीच्या वर होता. लहान कुटुंबे, लसीकरण, गरोदरपणातली तपासणी, सगळीकडे असेच झाले. सुरुवातीची तीसेक गावे वाढत तीनशेच्या घरात गेली.

जग जामखेडला येऊ लागले ते यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये काढलेल्या, लोकांनी चालवलेल्या आरोग्यसेवांवरच्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण होते. तीन वर्षांनी आल्मा-आटाच्या परिषदेत प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा झाला, तेव्हा ज्या थोड्या ठिकाणांचा अनुभव चर्चेत होता त्यांत जामखेड होते. १९७९ मध्ये दोघा आरोळेंना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० मध्ये डॉ. रजनीकांत यांना पद्मभूषण. १९८८ मध्ये प्रकल्पातल्या मुक्ताबाई पोळ या कार्यकर्ती वॉशिंग्टनमधल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झगमगत्या झुंबरांकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या की डॉक्टर मंडळी अशी आहेत, तेजस्वी पण महाग, हात न पोहोचणारी. आम्ही पणत्या; स्वस्त, पण एका पणतीवरून दुसरी लावता येते. समोर बसलेल्या तज्ज्ञांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. ते भाषण पुढे अनेकांनी उद्धृत केले.

टाळ्यांनंतरची गोष्ट तेवढी सोपी नाही. पणती स्वस्त आहे, एवढेच सरकारांनी ऐकले, असे मला वाटते.

देशाने पहिली मोठी नक्कल २ ऑक्टोबर १९७७ रोजी सुरू केली. हजार वस्तीमागे एक स्वयंसेवक, तीन महिन्यांचे प्रशिक्षण, महिना ५० रुपये मानधन. पण निवडले गेले ते बहुतांशी पुरुष, पुढाऱ्यांच्या ओळखीतले, आणि तीन महिन्यांनंतर त्यांना कुणी विचारले नाही. आठवड्याचा वर्ग नाही, मान डोलावणारा डॉक्टर नाही. काही वर्षांत ते स्वतःला छोटे डॉक्टर समजून सुया टोचू लागले किंवा मानधनासाठी मोर्चे काढू लागले आणि योजना विझत गेली. याच काळात आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यात, वढू बुद्रुकला, पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी गावातल्या तरुण मुली-बायकांना घेऊन असेच काम उभे करत होत्या. १९९३ मध्ये त्यांनाही मॅगसेसे मिळाला. म्हणजे काम जमत होते, जिथे मागे उभे राहणारे कुणी होते तिथे.

दुसरी नक्कल जास्त चांगली होती. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातली ‘आशा’ ही गावचीच सून, लग्न झालेली, विधवा किंवा परित्यक्ता असावी, हे नियमातच आले. त्यामागे जामखेडचा आणि गडचिरोलीचा अनुभव होता. आज पारनेरच्या वाड्या-वस्त्यांवर कुणाला ताप आला, कुणाचा डोस राहिला, हे पहिल्यांदा आशाताईला कळते. कोविडच्या काळात दारोदार फिरून यादी केली ती तिने. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला आणि पुढल्याच वर्षी महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी संपावर गेल्या. दोन्ही बातम्या एकाच बाईच्या.

इथे जामखेडच्या नावाने एक चुकीचा निष्कर्ष काढला जातो. तिथल्या बायका पगाराशिवाय राबल्या, मग आशांनी मोबदला का मागावा, असा. जामखेडने कार्यकर्तीला पगार दिला नाही, पण तिला रिकाम्या हाताने ठेवलेही नाही. शेळ्या, छोटी दुकाने, कर्ज, बचत यांतून तिच्या हाती स्वतःचा पैसा यावा हे प्रकल्पाने जाणीवपूर्वक पाहिले. आणि मुख्य म्हणजे तिच्यावर कागदांचे ओझे नव्हते. आशाताईकडे आज नोंदवह्या, ॲप, सर्वेक्षणे, मोहिमा आणि प्रत्येक कामाचा वेगळा दर आहे. काम नोकरीसारखे घ्यायचे आणि दाम मात्र सेवेचे द्यायचे, हे जामखेडने कधी शिकवले नव्हते.

जामखेडकडे एका प्रश्नाचे उत्तर नव्हते, हेही लिहायला हवे. गावची कार्यकर्ती टिकली, पण डॉक्टर कसा टिकावा? तिथे दोन डॉक्टर आयुष्यभर टिकले, कारण त्यांनी तसे ठरवले होते. डॉ. मेबल १९९९ च्या सप्टेंबरमध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ च्या मे महिन्यात. त्यांच्यानंतर मुलगी डॉ. शोभा आणि मुलगा रवी यांनी संस्था सांभाळली. हे कौतुकाचे आहे, पण आई-वडिलांचा वारसा चालवणारी मुले हे काही भरतीचे धोरण होऊ शकत नाही. महाराष्ट्र सरकार एमबीबीएस झालेल्यांना वर्षभर सरकारी सेवेचा बॉन्ड घालते. बॉन्डवरचा डॉक्टर वर्षभर येतो, पदव्युत्तर परीक्षेची पुस्तके घेऊन येतो आणि वर्ष संपले की जातो. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. त्याच्या मुलांच्या शाळेचा, बायकोच्या नोकरीचा, रात्री-अपरात्री चिडलेल्या नातेवाइकांसमोर एकट्याने उभे राहण्याचा प्रश्न कुणी सोडवलेला नाही. जामखेडने या प्रश्नाला वळसा घातला. ज्या कामाला डॉक्टर लागत नाही ते काम डॉक्टरकडून काढून घेतले, म्हणजे थोडे डॉक्टर पुरले. प्रश्न सुटला नाही, पण लहान झाला.

आता त्या पहिल्या पिढीतल्या बायका थकल्या आहेत, काही गेल्या. त्यांच्या जागी येणारी सून बारावी किंवा पदवीधर आहे, मोबाइलवर बँकेचे व्यवहार करते, तिच्यापुढे बचत गट, ब्यूटी पार्लर, औद्योगिक वसाहतीतली नोकरी असे चार पर्याय आहेत. गाव सोडून जाणार कुठे, हा जुना हिशेब तिला लागू होत नाही. ती जाऊ शकते. अक्षर नसलेल्या बाईला पत मिळाली हेच मोठे वेतन होते. शिकलेल्या बाईला पत हवी आणि महिन्याच्या महिन्याला पैसेही हवेत, आणि तिचे काही चुकत नाही. जामखेडचे प्रशिक्षण केंद्र आजही देशा-परदेशातल्या लोकांना शिकवते. तिथे येणाऱ्यांनी आता या शिकलेल्या सुनेबद्दल विचारायला हवे. आपल्या तालुक्यात आशाची एखादी जागा रिकामी झाली की तो विषय ग्रामसभेपुढे येतो. घरकुल आणि रस्त्याच्या विषयांनंतर, बरेच लोक उठून गेलेले असताना. तो विषय आधी घेता येईल. निवडलेल्या बाईला दर आठवड्याला आरोग्य केंद्रात बसवून, अडचण काय आली हे विचारणारा एक वैद्यकीय अधिकारी, मग तो बॉन्डवरचा असला तरी, मिळवता येईल. त्याला वर्षच मिळणार असेल, तर वर्षात बावन्न आठवडे असतात.